फुकटात मिळणारा स्विमिंग पूल घ्यावा का? सगळा हिशेब तुमच्यासमोर

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा. शेवटी तुमच्याकडून काहीतरी मागायचंय.)

पुण्यातल्या माझ्या एका शाळूसोबत्याकडे वापरलेला स्विमिंग पूल आहे. जमिनीत खणलेला नव्हे, जमिनीवर उभा करायचा. लोखंडी पाइपांचा गोल सांगाडा आणि त्याला अडकवलेला जाड प्लास्टिकचा हौद. १५ फूट रुंद, ४ फूट उंच. सोबत छोटा मोटरपंप, फिल्टर आणि शिडी. पोरगा मोठा झाला, दहावीचे क्लास लागले, तेव्हापासून दोन वर्षं पूल पार्किंगमध्ये घडी घालून पडलाय. मित्र म्हणतो, "पैसे नकोत रे. टेम्पो पाठव आणि घेऊन जा. नाहीतर मी भंगारात देतोय."

तुम्ही म्हणाल, घ्यायचा तर घे, त्यासाठी पोस्ट कशाला? तर पूल माझ्या घरासाठी नाहीये. आपल्या गावातल्या लेकरांना पोहायला शिकवायला तो आणावा का, हा प्रश्न आहे. गेले पंधरा दिवस मी याच हिशेबात आहे. मित्राला महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचंय. म्हणून कच्चा हिशेब जसा आहे तसा मांडतो.

आधी, हे डोक्यात आलं कुठून ते सांगतो.

मी वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या देतोय. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की एक बातमी ठरलेली. तिचे शब्दसुद्धा ठरलेले. 'पोहण्याचा मोह आवरला नाही.' 'पाण्याचा अंदाज न आल्याने.' 'परिसरात हळहळ.' शेवटी पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद. नाव, वय आणि गाव तेवढं बदलायचं. गेल्या उन्हाळ्यात दोन सख्ख्या भावांची बातमी पाठवली. धाकटा शेततळ्याच्या कडेवरून घसरला, थोरला त्याला काढायला उतरला. दोघांनाही पोहता येत नव्हतं. एनसीआरबीचे दरवर्षीचे आकडे काढून बघा. देशात वर्षाला ३५ हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. आपल्याकडे हा विषय दोन दिवस चालतो, मग पाऊस आणि पेरणी.

आता जरा मागे जा. चाळिशीच्या पुढचे जे आहेत, त्यातले निम्मे तरी विहिरीत पोहायला शिकले असतील. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काकाने किंवा थोरल्या भावाने ढकलून द्यायचं. वर काठावर चार मोठी माणसं बसलेली असायची. पोहणं शिकवायला कुणी फी घेत नव्हतं आणि कुणी एकटं पोहतही नव्हतं. विहिरीला पायऱ्या होत्या, बाहेर यायला वाट होती.

मग विहिरी आटल्या आणि बोअर आले. सहा इंचाच्या भोकात कोण पोहणार? एक अख्खी पिढी पाण्यात न उतरता मोठी झाली. पोरींना तर तेव्हाही फारसं कुणी शिकवलं नव्हतं. आणि अशा पोहता न येणाऱ्या पिढीच्या दारात शेततळं आलं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ची. शेततळ्यांनी शेतकऱ्याला तारलं, मोसंबी-डाळिंबाच्या बागा जगवल्या, याबद्दल वाद नाही. पण शेततळ्याला पायऱ्या नसतात. तीन मीटर खोली, चारी बाजूंनी उतार, उतारावर प्लास्टिकचा कागद, त्यावर शेवाळ. ज्याला पोहता येतं तोसुद्धा त्या कागदावरून वर चढू शकत नाही. हात टेकवला की घसरतो.

विहीर गेली, तिच्यासोबत शिकवणारा काका गेला आणि काठावर बसणारी माणसंही गेली. त्या जागी विहिरीपेक्षा धोकादायक पाणी आलं. पुलाचा विचार इथून सुरू झाला.

आता पूल बघू.

मागच्या रविवारी पुण्याला जाऊन तो पार्किंगमध्ये उलगडून बघितला. वापरलेला पूल घ्यायचा तर काय बघायचं, हे तिथल्या पूल दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडून आधी समजून घेतलं होतं. उद्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. पहिली गोष्ट प्लास्टिक. घडी घालून ठेवलेलं प्लास्टिक घडीवरच चिरतं. प्रत्येक घडी उजेडाकडे धरून बघायची. उंदरांनी कुरतडलेलं बघायचं. तळ आणि भिंत जिथे जोडलीय ती शिवण बोटाने चाचपायची. भोक असेल तर ठिगळ बसतं, पण शिवण उसवली असेल तर पूल भंगारातच द्यायचा. दुसरी गोष्ट पाइप. वरून रंग चांगला दिसतो, गंज जोडाच्या आतून लागलेला असतो. प्रत्येक जोड काढून बघायचा. तिसरी गोष्ट पंप, तो सुरू करून बघायचा.

मित्राच्या पुलाला दोन भोकं आहेत, दोन्ही भिंतीला, बोटाएवढी. शिवण चांगली आहे. दोन पाइपांचे जोड गंजलेत, ते आपल्याकडचा वेल्डर बसवून देईल. पंप चालतो, फिल्टरची आतली नळकांडी नवी लागेल. टेम्पोचं भाडं, ठिगळाचं सामान, वेल्डिंग आणि जागा तयार करणं, असं सगळं धरून पंधरा-सोळा हजारांत बसतं. तेवढी वर्गणी जमेल. पैशाचं कोडं मोठं नाही.

जागेचं कोडं त्याहून मोठं आहे.

घरात पहिली सूचना आली ती गच्चीची. बायको म्हणाली, "अहो, आपली गच्ची मोकळीच आहे की, गेटही आहे, कुणी येणार-जाणार नाही." म्हणून वजनाचा हिशेब काढला. पुलात साडेतीन फूट पाणी भरलं तर साधारण साडेसतरा हजार लिटर होतं. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे साडेसतरा टन. घराची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भार धरून आखलेली असते. साडेतीन फूट पाण्याचा भार चौरस मीटरला हजार किलोच्या वर जातो. सहा-सातपट! आपल्याकडे अलीकडे काही जण हौसेने गच्चीवर पोरांसाठी असे हौद भरतात, फोटोही टाकतात. कृपा करून करू नका. फूटभर पाण्याचा छोटा टबसुद्धा इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

म्हणजे जमीनच हवी, आणि आपली जमीन काळी. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर थेट पूल ठेवला तर एक बाजू खचणार. पंधरा फुटांत दोन इंचांचा उतार राहिला तरी सगळं पाणी एका अंगाला रेटतं, पाइप वाकतात, आणि एखाद्या दिवशी बारा-पंधरा हजार लिटर पाणी पोरांसकट एकदम बाहेर येतं. म्हणून वरची माती काढून मुरूम टाकायचा, पाणी मारून दाबायचा, आणि गवंड्याच्या लेव्हल नळीने चारी बाजू तपासायच्या. चार इंचांच्या थराला साधारण एक ब्रास मुरूम लागतो. त्यावर खडे टोचू नयेत म्हणून जाड कापड अंथरायचं. त्याची चिंता नाही. वाढदिवस भरपूर झालेत, फ्लेक्सला तोटा नाही.

जागा म्हणून शाळेचं मैदान डोळ्यासमोर आहे. तारेचं कुंपण नाही, पक्की भिंत आहे आणि गेटला कुलूप लागतं. त्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागेल. मुख्याध्यापक तत्त्वतः तयार आहेत, पण त्यांचा एक प्रश्न आहे. तो पुढे सांगतो.

आता पाणी. इथे माझ्या आईने मला उभं केलं.

"आरं, प्यायला पाणी नाही अन् तू लेकरं डुंबवायला निघालास? लोक तोंडात शेण घालतील."

आईचं चुकत नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते २०१६ साल आपण सगळ्यांनी बघितलंय. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. त्याच वर्षी हायकोर्टाच्या आदेशाने महाराष्ट्रातले आयपीएलचे सामने बाहेर न्यावे लागले. कारण मैदानावरचं पाणी. मराठवाड्यातल्या माणसाला स्विमिंग पूल हा शब्दच चैनीचा वाटतो, आणि तसा वाटायलाही हवा.

पण हिशेब करून बघू. लेकरांना शिकवायला साडेतीन फूट पाणी लागतच नाही, अडीच फूट पुरे. मग भरावे लागतात साडेबारा हजार लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज ५५ लिटर. म्हणजे हे सव्वादोनशे माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. मोठा आकडा आहे, लपवत नाही. त्यात मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर तरी पाणी उन्हाने उडतं. या पुलात ते दीडशे लिटरच्या आसपास जातं, म्हणजे तीन माणसांचं पाणी रोज.

आता दुसरी बाजू. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल शेततळं भरलं की त्यात जवळपास २२ लाख लिटर बसतात. म्हणजे असे पावणेदोनशे पूल. आणि एवढ्या उघड्या पाण्यातून मे महिन्यात त्याच सेंटीमीटरच्या हिशेबाने रोज ९ हजार लिटर उडून जातात. दीड दिवसात एका शेततळ्यातून जितकं पाणी हवेत जातं, तितक्यात आपला पूल भरतो. म्हणून नळाचं किंवा टँकरचं पिण्याचं पाणी एक थेंबही घ्यायचं नाही, हे मी ठरवून टाकलंय. गावाजवळच्या एका शेतकऱ्याने शेततळ्यातून पाणी द्यायची तयारी दाखवलीय. गेल्या वर्षी ज्यांच्या शिवारात तो प्रकार घडला, त्यांचे ते शेजारी. ते म्हणाले, "पाण्याचं काय घेऊन बसला, न्या. माझ्या तळ्याकडं बघून मला झोप येत नाही."

सुट्टी संपली की ते पाणी ओतून द्यायचं नाही. क्लोरीन टाकणं थांबवून दोन-तीन दिवस उन्हात उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं. मग शाळेतल्या झाडांना. आईला हे सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "झाडाला घालणार असशील तर बघ बाबा." याला मी अर्धा होकार समजतो.

पाणी भरलं म्हणजे झालं असं नाही. वीस-पंचवीस लेकरं रोज उतरणार, ते पाणी चार दिवसांत हिरवं होतं. डोळे येणं, कान फुटणं, जुलाब. शेततळ्याचं पाणी आधी तुरटी फिरवून निवळायचं, मग ब्लीचिंग पावडर. पाण्यात लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम क्लोरीन टिकलं पाहिजे. साडेबारा हजार लिटरला चांगल्या, ताज्या पावडरची पाऊण-एक वाटी पुरते, पण उन्हाने क्लोरीन लवकर उडतं, म्हणून रोज सकाळी तपासायचं. ते तपासायला लॅब लागत नाही. पाणीपुरवठ्याचे कर्मचारी नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतात ना, पिवळा रंग येतो ती, तीच. एक निवृत्त कर्मचारी हे काम रोज करायला तयार आहेत. पावडर बादलीत कालवून, संध्याकाळी, पाण्यात कुणी नसताना टाकायची. पावडरीत ॲसिड किंवा दुसरं काही मिसळायचं नाही, विषारी वायू होतो.

डासांचंही लक्षात ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत पुढची फौज तयार होते. म्हणून पाऊस पडायच्या आत पूल रिकामा, कोरडा, घडी करून आत. ही अट मी आधीच घातलीय. पूल पावसाळ्यात मैदानावर दिसला तर मला फोन करून शिव्या द्या.

आणि वीज. पाण्याजवळ पंप म्हणजे शॉकची भीती. आकडा टाकून किंवा उघड्या वायरीने काहीही होणार नाही. ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी बसवून, पंधरा फूट लांबून, आणि लेकरं पाण्यात असताना पंप बंद.

इथपर्यंतची सगळी कोडी सुटतात. खरं कोडं आता.

मुख्याध्यापकांनी विचारलं होतं, "पूल येईल, पाणी येईल. पण तिथे उभं कोण राहणार?"

हाच प्रश्न घेऊन मी आमच्या जुन्या क्रीडाशिक्षकांकडे गेलो. सर सत्तरीला आलेत, अजून पहाटे विहिरीत उतरतात. मला वाटलं होतं, पुलाचं ऐकून खूश होतील. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकवायला मी येतो. रोज येतो. पण मला वर एक माणूस दे. तो पाण्यात उतरणार नाही, शिकवणार नाही, मोबाइल बघणार नाही, कुणाशी बोलणार नाही. नुसती डोकी मोजत राहील. असा माणूस रोज देणार असशील तर पूल आण. नाहीतर आणू नको, आणखी एक शेततळं होईल ते."

मी म्हटलं, "सर, तुम्ही पाण्यात असताना...?"

"मी एकाचे हात धरलेले असतात तेव्हा माझी पाठ पाचांकडे असते. बुडणारं लेकरू ओरडत नाही रे. सिनेमात ओरडतं. खरं लेकरू गप्प खाली जातं."

हे सरांचं भय नाही, जगभरचा अनुभव तोच आहे. अमेरिकेत घरोघरी असे जमिनीवरचे आणि जमिनीतले पूल आहेत. पैसा आहे, पाणी आहे, सगळं आहे. तरी तिथे १ ते ४ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं आहे, आणि त्या वयातली मुलं बहुतेक घरच्याच पुलात बुडतात. शिडी लावलेली राहिली, मोठं माणूस दोन मिनिटं आत गेलं, एवढं पुरतं. म्हणून वापर संपला की शिडी काढून कुलपात ठेवायची, हा तिथला साधा नियम आहे. आपल्याकडे तो पाळला जाईल? कुलपाची किल्ली कुणाकडे राहील? सुट्टीच्या दिवशी भिंतीवरून उडी मारून पोरं आत आली तर? या प्रश्नांना उत्तर माणूस आहे, वस्तू नाही.

याउलट उदाहरण बांगलादेशचं. आपल्यापेक्षा गरीब नाही म्हणता येणार, पण श्रीमंतही नाही. तिथे दारोदार तळी, आणि लेकरं बुडण्याचं प्रमाण भयानक. त्यांनी 'स्विमसेफ' नावाचा कार्यक्रम चालवला. गावातल्याच तळ्यात बांबूचं मचाण बांधून, गावातल्याच तरुण-तरुणींना शिकवून, त्यांच्याकडून लेकरांना शिकवलं. ढाक्यात तळी नव्हती तिथे त्यांनी आपण घेऊ पाहतोय तसेच जमिनीवरचे, हलवता येणारे पूल वापरले. लेकरू पास कधी? २५ मीटर पोहता आलं आणि ३० सेकंद जागेवर तरंगता आलं की. चॅम्पियन घडवायचे नव्हते, जीव वाचेल एवढं पोहणं हवं होतं. आणि त्याहून लहान, चालायला लागलेल्या लेकरांसाठी त्यांनी दिवसा सांभाळायची केंद्रं काढली. आपल्या अंगणवाडीसारखी. आई कामात असते त्या सकाळच्या वेळी लेकरू कुणाच्या तरी नजरेखाली असावं म्हणून. म्हणजे तिथेही शेवटी माणसांचं लक्षच उभं केलं गेलं. बांबू काय किंवा प्लास्टिक काय, ते निमित्त.

काही जण विचारतील, हे काम आपण का करायचं? सरकार कशाला आहे? बरोबर प्रश्न आहे आणि तो विचारणं मी सोडणार नाही. आपल्या तालुका क्रीडा संकुलाच्या आराखड्यात तरणतलाव आहे. जागेवर बाभळी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी तलाव आहे, पण आठ वर्षांचं लेकरू रोज एसटीने तिथे जाणार का? शेतकरी किंवा त्याच्या घरचं माणूस बुडून गेलं तर अपघात योजनेतून दोन लाख मिळतात. दहा वर्षांच्या आतलं लेकरू त्यातही बसत नाही. मेल्यावरची तरतूद आहे, आधीची नाही. ही बातमी मी लिहीनच. पण संकुलाचा तलाव होईल तेव्हा होईल, येता मे महिना दीड महिन्यावर आहे.

पुलाने सगळं होईल असंही मी म्हणत नाही. पंधरा फुटांच्या हौदात तरंगायला शिकलेलं पोरगं शेततळ्याच्या कागदावरून वर येऊ शकेल का? एकट्याने नाहीच. म्हणून सरांनी शिकवायचं ते चार गोष्टींत ठरवलंय. पाठीवर तरंगणं. श्वास धरून वर येणं. कडेला धरून मदतीची हाक मारणं. आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: कुणी बुडताना दिसलं तर स्वतः उतरायचं नाही, दोर किंवा काठी टाकायची आणि मोठ्यांना बोलवायचं. गेल्या वर्षी थोरल्याला ही चौथी गोष्ट माहीत असती तर एका घरात आज एक लेकरू तरी असतं.

तर आता मागणी.

एप्रिलअखेरीपासून १० जूनपर्यंत सहा आठवडे मिळतात. एका वेळी सहा लेकरं, अर्ध्या तासाच्या चार तुकड्या, सकाळी सात ते नऊ. म्हणजे २४ लेकरं. तीन आठवड्यांच्या दोन फेऱ्या केल्या तर ४८. वय सहाच्या पुढे. आईवडिलांची लेखी परवानगी असल्याशिवाय कुणी नाही. मुलींच्या तुकडीला शिकवायला गावातलीच एक बीपीएड करणारी मुलगी तयार आहे.

४२ दिवस. रोज काठावर एक माणूस, दोन तास. १४ माणसं मिळाली तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन पाळ्या येतात. सहा आठवड्यांत तीन सकाळी, बास. त्यात निम्म्या बायका असाव्यात, मुलींच्या तुकडीसाठी. पोहता यायलाच हवं असं नाही. डोकी मोजता आली पाहिजेत, आणि दोन तास मोबाइल खिशात राहिला पाहिजे. हे दुसरं जास्त अवघड आहे, मला कल्पना आहे.

पैसे सध्या कुणी पाठवू नका. लाइक, हात जोडलेले इमोजी, 'स्तुत्य उपक्रम' वगैरे लिहून झालं की खाली नाव आणि कोणता वार जमेल ते लिहा. माझ्याकडे आत्तापर्यंत पाच नावं आहेत, त्यात मी आणि माझी बायको धरून. महिनाअखेरपर्यंत चौदा झाली तर मी टेम्पो सांगतो. तेरा झाली तर नाही सांगणार. सरांनाही हे मान्य आहे. अर्ध्या लक्षात चालणारा पूल गावात आणण्यापेक्षा तो भंगारात गेलेला बरा.

आणि पूल आला काय, नाही आला काय, ज्यांच्या शेतात शेततळं आहे त्यांनी एक काम या आठवड्यात करा. चारी बाजूंना खुंटा ठोकून जाड दोर पाण्यात सोडून ठेवा, मध्ये मध्ये गाठी मारा म्हणजे हाताला पकड मिळेल. एका दोराला झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन बांधा, तो फेकायला. जुना ट्यूब असेल तर तोही. दोनशे-चारशे रुपयांचं काम आहे. केलं की फोटो टाका, मी एकेक करून शेअर करतो. बघून शेजारचा करेल.

नावं लिहा. वार लिहायला विसरू नका.